ट्रायल घेतल्याशिवाय नाही

आईच्या फोनने पुन्हा एकदा मान टाकली, तेव्हा घरात कॉम्प्युटर आणायचाच हे नक्की झालं.

आई डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसायची. त्या दिवशी डॉक्टर तिला फोन करून करून थकले आणि तिला काही तो उचलता येईना, कारण स्क्रीनवर मातीचा एक हात अर्धवट वर उचललेला तसाच गोठून बसला होता. संध्याकाळी घरी आल्या आल्या तिने पर्स सोफ्यावर टाकली आणि म्हणाली, "हा फोन माझा आहे की तुझ्या त्या मातीच्या माणसांचा, ते एकदा ठरव."

"अर्धा अर्धा," खारू म्हणाली.

खारू पंधरा वर्षांची होती. लहानपणी ती गालात घास साठवून कितीतरी वेळ तशीच बसायची, म्हणून मामाने तिला खारू म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं. आता ती गालात काही साठवत नव्हती, पण फोनमध्ये साठवत होती. मॉडेलिंगच्या मातीची माणसं करायची, त्यांचा हात किंवा पाय जरासा हलवायचा, फोटो काढायचा, परत जरासा हलवायचा, परत फोटो. असे ढीगभर फोटो भराभर एकामागून एक दाखवले की मातीचा माणूस चालायला लागतो. हे जमायला लागल्यापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

आईला या उद्योगाचं कौतुक होतं आणि फोनची काळजी होती. बाबांना वाटायचं, पोरगी अजून मातीत खेळते आहे, खेळू दे, आपोआप सुटेल. तिची फिल्म त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. म्हणजे तिने त्यांना ती पाहूच दिली नव्हती, कारण फिल्म त्यांच्यावरच होती.

बाबा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायचे. शिकवणाऱ्याच्या पायाशी एक वेगळा ब्रेक असतो. शिकणारा चुकला की तो दाबायचा. इतकी वर्षं तो दाबून दाबून बाबांच्या उजव्या पायाला अशी सवय लागली होती की तो पाय घरीसुद्धा सुट्टी घेत नसे. आईच्या हातून बशी निसटली की सोफ्यावर बसलेल्या बाबांचा पाय जमिनीवर आपटायचा. टीव्हीवर कोणी जिन्यावरून गडगडलं की पाय. खारूचा मार्कांचा कागद हातात आला की पाय. घरात सगळ्यांना हे माहीत होतं, फक्त बाबांना माहीत नव्हतं.

"घेऊ कॉम्प्युटर," बाबा म्हणाले. "अभ्यासाला लागणारच आहे आता. पण एक सांगून ठेवतो. ट्रायल घेतल्याशिवाय मी आजवर साधी सायकल घेतलेली नाही. दुकानदार गोड बोलेल, त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही. तुला त्यावर जे काही करायचंय, ते तिथे उभं राहून करून बघायचं. चाललं तर घ्यायचं."

खारूचा चेहरा पडला. टायपिंग आणि इंटरनेट कुठलाही कॉम्प्युटर हसत हसत करेल. ज्याने त्याचा खरा दम निघेल, अशी तिच्याकडे एकच गोष्ट होती.

ती आईच्या मागे मागे स्वयंपाकघरात गेली. "आता काय करू?" ती कुजबुजली.

"फिल्म पेनड्राइव्हवर घे," आई म्हणाली. "बाबांना लांब ठेवायचं माझ्याकडे लागलं."

बजेट आईने ठरवलं. आकडा सांगताना तिने आवाज असा लावला, की त्यावर चर्चा होणार नाही हे सगळ्यांना कळलं.

शनिवारी सगळे निघाले. सगळे म्हणजे खारू, आई, बाबा आणि मामा. मामाला कोणी बोलावलं नव्हतं, पण घरात काही विकत घ्यायचं आहे याचा वास त्याला कुठूनही लागायचा. तो फरशांचा विक्रेता होता. फरशा विकत द्यायचा, सल्ला फुकट द्यायचा.

पहिलं दुकान मोठं होतं, काचेचं, आतून गारेगार. बाबा आत शिरले आणि एका पांढऱ्याशुभ्र कॉम्प्युटरसमोर थबकले. त्याला वेगळा डबाच नव्हता, सगळं काही स्क्रीनच्या पोटात बसवलेलं. मागून एकच वायर.

"हे बघ, किती सुटसुटीत!" बाबा म्हणाले. "टेबल पुसायलाही सोपं."

टाय लावलेला विक्रेता लगेच पुढे आला. "सर, मुलांच्या अभ्यासासाठी सगळे हेच नेतात."

"यात पुढे मेमरी वाढवता येईल?" खारूने विचारलं.

"तुम्हाला गरजच पडणार नाही."

"पण पडली तर?"

"हे उघडत नाही," विक्रेता म्हणाला, आणि हा त्याचा गुणच आहे अशा सुरात म्हणाला.

आईने बाबांच्या कोपराला धरलं. "अहो, तोवर गॅरंटीचं विचारून येऊ आपण, चला." बाबा काउंटरकडे गेले, तसा खारूने पेनड्राइव्ह लावला. फुकट मिळणारं एडिटिंगचं सॉफ्टवेअरही तिने त्यातच टाकून आणलं होतं. फोटो एकामागून एक चढले. तिने प्ले दाबलं. मातीचा माणूस दार उघडून गाडीत बसायला निघाला, एक पाय आत टाकला आणि तिथेच थांबला. स्क्रीनवर एक गोल फिरत राहिलं. मग माणूस एकदम सीटवर उगवला, पण त्याचं डोकं मात्र अजून बाहेरच होतं.

"फाइल जरा जड आहे तुमची," विक्रेता म्हणाला.

"काय झालं?" लांबून बाबांचा आवाज आला.

"अडकतंय!" म्हणत खारूने घाईघाईने पेनड्राइव्ह उपसला.

बाबा परत आले आणि त्या पांढऱ्या कॉम्प्युटरकडे त्यांनी उदास होऊन पाहिलं. "नवीकोरी गाडी आणि पहिल्याच चढाला बंद पडली? नको मग."

"मी म्हणतच होतो," मामा म्हणाला. तो काही म्हणत नव्हता. "चला, आता माझ्या मित्राच्या दुकानात."

मामाच्या मित्राचं दुकान अंधारं होतं, मुद्दाम अंधारं ठेवलेलं, कारण आतले कॉम्प्युटर स्वतःच उजेड पाडत होते. काचेचे डबे, आत गरगरणारे पंखे आणि त्या पंख्यांतून लाल, जांभळा, हिरवा असा रंग पाझरत होता.

"भाऊजी, हे बघा! विमान आहे, विमान!" मामा म्हणाला.

"उडवायचंय कुठे?" बाबा म्हणाले. पण तेही डोळे विस्फारून बघत होते. आईने त्यांना मामाच्या हवाली केलं आणि मामा त्यांना पंख्यांचं महत्त्व समजावू लागला. स्वतःलाही ते नीट माहीत नसल्यामुळे समजावण्यात बराच वेळ गेला.

खारूने फिल्म लावली. मातीचा माणूस गाडीत बसला, गाडी निघाली, वळली, थांबली. कुठे अडखळणं नाही, गोल फिरणं नाही. तिने मागचं झाड बदलून पाहिलं, आवाज जोडून पाहिला, सगळं बोट उचलायच्या आत होत होतं. आपण केलेली फिल्म इतकी छान आहे हे तिला आत्ता कुठे कळलं.

आईने किमतीचं कार्ड उचललं, वाचलं आणि हळूच पालथं घातलं.

"ताई, हप्ते असतात ना," मामा म्हणाला.

"तू भरणार असशील तर दोन घेऊ."

मामा मूग गिळून पुन्हा पंख्यांकडे वळला.

सगळे बाहेर फुटपाथवर आले. समोरच्या टपरीवर सगळ्यांनी चहा घेतला. तिच्या चहावर साय धरली तरी तिने कप तोंडाला लावला नव्हता. आईच्या ते लक्षात आलं.

"त्याची अर्धी किंमत गेम खेळायच्या कार्डाची आहे," शेवटी खारू स्वतःच म्हणाली. कोणी विचारलं नव्हतं, पण ती स्वतःलाच समजावत होती. "मला गेम खेळायचे नाहीत. मला मेमरी जास्त हवी आणि डिस्क वेगवान हवी. बाकी थोडं जुनं असलं तरी चालेल. ऑफिसं आपले कॉम्प्युटर बदलतात ना, तेव्हा जुने विकायला निघतात. चांगले असतात ते. छापखान्याच्या मागच्या गल्लीत एक दुकान आहे."

"सेकंड हँड?" मामाने नाक मुरडलं.

बाबांच्या अंगात मात्र एकदम वारं शिरलं. "सेकंड हँड! अगं, मग आधी नाही का सांगायचं!" त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. पांढऱ्या आणि रंगीत दुकानांत त्यांना काही कळत नव्हतं. जुनी वस्तू पारखून घ्यायची म्हटल्यावर ते आपल्या मैदानात आले.

छापखान्यामागचं दुकान म्हणजे एक लांबट खोली होती. दोन्ही भिंतींना काळे डबे रचून ठेवलेले, चपलांच्या दुकानात खोकी असतात तसे. मालकीण काउंटरमागे उभी होती आणि शिंकत होती. धूळ हाच तिचा धंदा होता आणि धुळीचंच तिला वावडं होतं.

"या," ती म्हणाली आणि शिंकली. "कोणासाठी? मुलीसाठी? मग हा घ्या, बारका, नाजूक, कोपऱ्यात मावतो." तिने एक चपटा डबा पुढे सरकवला. तसले डबे तिच्याकडे पुष्कळ होते.

"हा छान आहे," आई म्हणाली. "खिडकीजवळच्या फटीत बरोबर बसेल."

"किती चालला आहे?" बाबांनी विचारलं.

मालकिणीने त्यांच्याकडे पाहिलं. "कॉम्प्युटर आहे हो, चालत नाही तो. बसून असतो."

"आई, हा नको," खारू म्हणाली. "यात पुढे काही घालायचं म्हटलं तर जागाच नाही. तो मागचा उंच आहे ना, तो हवा. उद्या कधी कार्ड घालावंसं वाटलं तर त्यात मावेल."

"तो मावेल कुठे पण? तुझी खोली म्हणजे आधीच आगगाडीचा डबा."

"मी माझं मातीचं खोकं माळ्यावर टाकते."

आईने तिच्याकडे नीट पाहिलं. खारू मातीचं खोकं हलवायला तयार आहे म्हणजे विषय गंभीर होता. "काढा तो उंच," ती मालकिणीला म्हणाली.

उंच डबा काउंटरवर आला. बाबांनी तो चारी बाजूंनी निरखला, मागच्या जाळीतून आत डोकावून पाहिलं, एका बाजूने टिचकी मारून पाहिली. तोवर स्क्रीन फक्त आपल्यालाच दिसेल अशी वळवून खारूने फिल्म लावली. ती अडकली. मालकिणीने डबा उघडला, दुसऱ्या डब्यातून मेमरीची एक पट्टी काढून यात खोचली, जुनी डिस्क काढून नवी, वेगवान बसवली आणि म्हणाली, "आता बघ." आणि कामात मदत व्हावी म्हणून तिने स्क्रीन सगळ्यांना दिसेल अशी फिरवून आवाजही मोठा केला.

हे फिरवणं इतक्या पटकन झालं, की आईला बाबांना कुठे न्यायचं ते सुचलंच नाही.

मातीचा माणूस गाडीत बसला. त्याला बाबांसारख्याच जाड मिशा होत्या आणि चष्मा दोरीने गळ्यात लटकत होता. शेजारी शिकणारा पोरगा. पोरग्याने गाडी सरळ कारंज्याकडे काढली, तशी मिशांची टोकं ताठ उभी राहिली आणि पाय दाणकन ब्रेकवर. मग तोच माणूस घरी जेवायला बसला, वाटी कलंडली, पाय दाणकन. अंथरुणात झोपला, डास आला, पाय दाणकन, आणि पलंगाचं खालचं लाकूड मोडलं.

दुकानात केबल घ्यायला आलेले दोघे जण पोट धरून हसायला लागले. त्यातला एक जवळ सरकला. "अहो, हे तर आमचे सर! ड्रायव्हिंग स्कूलचे! मला यांनीच शिकवलंय! अगदी असाच पाय..." असं म्हणत तो वळला, आणि त्याच्या शेजारीच सर उभे होते.

दुकान एकदम गप्प झालं. फक्त मालकीण शिंकली.

 बाबांनी डबा नीट मागे सरकवून ठेवला आणि ते दुकानाबाहेर निघून गेले.

 "जा," आईने खारूला हलकेच पुढे ढकललं.

बाबा गल्लीच्या तोंडाशी उभे होते. छापखान्यातून यंत्राचा खडखडाट येत होता. खारू त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"मी खरंच असा पाय आपटतो?" बाबांनी विचारलं.

"हो."

"घरीसुद्धा?"

"सोफ्यावर तर फारच."

बाबांनी आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं. "आणि मुलं हसतात त्याला?"

"हसतात ते चिडवून नाही हसत, बाबा. तुम्हाला आवडतं म्हणून हसतात... म्हणजे, तुम्ही आवडता म्हणून." ती गडबडली. "मला तुम्हाला आधी दाखवायची होती. पण पूर्ण झाली नव्हती. शेवटच राहिलाय."

"काय आहे शेवट?"

"तो पोरगा पास होतो. एकटा गाडी घेऊन जातो. सर फुटपाथवर उभे राहून बघतात. गाडी लांब जाते, वळते, आणि सरांचा पाय फुटपाथवर दाणकन. आता तिथे ब्रेक नाही, गाडीही नाही, तरीही. म्हणजे पोरगा सुखरूप पोहोचेपर्यंत त्यांचा जीव त्याच्यातच असतो."

बाबांनी गळ्यातला चष्मा पुसला. तो आधीच स्वच्छ होता. बराच वेळ पुसत राहिले.

"मग केला का नाहीस शेवट?"

"आईचा फोन बंद पडला."

"म्हणजे त्यासाठी हवाय कॉम्प्युटर? मला वाटलं अभ्यासासाठी."

"अभ्यासासाठीही."

"हं," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, कोणाचं तरी माप आपण चुकीचं काढलं होतं हे कळल्यावर येतो तसा थोडा ओशाळलेपणा होता. "चल."

दुकानात येऊन त्यांनी स्टूल ओढलं आणि स्क्रीनसमोर बसले. "परत लावा," ते मालकिणीला म्हणाले. "पहिल्यापासून. आणि कुठेही अडखळता कामा नये."

फिल्म परत लागली. या वेळी कोणी हसायला धजेना. बाबा नाक स्क्रीनला टेकवून बघत होते. डास आला तेव्हा त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. पलंग मोडला तेव्हा ते खो खो हसायला लागले आणि मग सगळं दुकानच हसायला लागलं. तो जुना विद्यार्थी सगळ्यात मोठ्याने.

"छान आहे," बाबा डोळे पुसत म्हणाले. "फक्त एक चूक आहे. त्या पोराने वळताना इंडिकेटर दिला नाही."

"मातीच्या गाडीला इंडिकेटर?" मामा म्हणाला.

"माझ्या गाडीत बसून कोणी इंडिकेटर न देता वळत नाही," बाबा म्हणाले. "आणि आता ही दोन कामं एकदम करून बघ, खारू. फिल्म चालू ठेव आणि आवाजही जोड. चढावर गिअर बदलता येतो का ते कळलं पाहिजे."

गिअर बदलता आला. मग मात्र खरेदी झपाट्याने झाली. स्क्रीन आईने निवडली. दवाखान्यात रोज ऐकून ऐकून तिला पाठ झालं होतं, त्यामुळे खारूला समोर बसवून, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येते का हे तिने वाकून पाहिलं. कीबोर्ड मात्र नवाच हवा म्हणाली, कारण जुन्याच्या बटणांखाली बिस्किटांचा भुगा होता. मालकिणीने ब्लोअरने डब्यातली धूळ उडवली, भरपूर शिंकली आणि सहा महिन्यांची गॅरंटी लिहून दिली. एवढं करून आईचं बजेट शाबूत राहिलं, त्यामुळे आईने मालकिणीला सर्दीवर घरगुती औषध सुचवलं.

"काळा डबा," परत येताना मामा खंतावून म्हणाला. "एकसुद्धा लाइट नाही."

घरी सगळं जोडून झालं. डबा खिडकीजवळ उभा राहिला, मातीचं खोकं माळ्यावर गेलं. खारूने बटण दाबलं, स्क्रीन उजळली, सगळ्यांनी हुश्श केलं. मग ती इंटरनेट लावायला गेली आणि इथेच घोडं अडलं. इंटरनेट लागेचना. तिने इकडे शोधलं, तिकडे शोधलं, आणि मग तिचे कान लाल झाले. ऑफिसमध्ये कॉम्प्युटर वायरने जोडलेले असतात. या डब्यात वायफाय नव्हतंच. इतकं सगळं तिने विचारलं होतं आणि तेवढं एक विचारायचं राहिलं होतं.

"माझ्याच लक्षात आलं नाही," ती म्हणाली.

"बोटाएवढं काहीतरी मिळतं ना त्याला, मागे खोचायचं?" मामा म्हणाला.

सगळे मामाकडे बघायला लागले.

"माझ्याकडे आहे. ड्रॉवरमध्ये पडलंय. आणलं तेव्हा ते कशाला लागतं हेच मला कळलं नव्हतं." एवढं बोलून तो गेला आणि घामाघूम होऊन परत आला. खारूने ते खोचलं, तसं इंटरनेट लागलं. त्यानंतर कितीतरी दिवस, कॉम्प्युटर कोणी निवडला असं कोणी विचारलं, की मामा म्हणायचा, "निवडला त्यांनी, पण चालू मी केला." आणि त्यात खोटं काही नव्हतं.

फिल्म पुरी व्हायला बरेच रविवार लागले. शेवटच्या भागासाठी बाबांनी गल्लीत उभं राहून दाखवलं, सर फुटपाथवर कसे उभे राहतील, मान कशी वळेल. आपण दिसतो कसे याची त्यांना आता गोडी लागली होती. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ती फिल्म त्यांनी स्वतः सगळ्यांना दाखवली. तिथल्या मालकांनी विचारलं की गाडी मागे कशी घ्यायची यावर एक करून देशील का, तर खारूने सांगितलं, विचार करते. ती अशी भाव खाते हे बघून आईला फार मजा वाटली.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी आई दवाखान्यातून आली आणि थेट खारूच्या मागे येऊन उभी राहिली.

"बाबांवर झाली. मामासुद्धा कुठेतरी येऊन गेला तुझ्या त्या फिल्ममध्ये. माझं काय?"

"तुझ्यावर काय करू? तू तर सारखी फोनवरच असतेस."

"माझ्यावर नको. दवाखान्यावर कर." आई खुदकन हसली. "एक आजी येतात आमच्याकडे. त्यांना चष्मा लावून घ्यायचा नाहीये. त्या बाहेर बाकावर बसून, आत बाकीचे पेशंट वाचतात ते ऐकून ऐकून भिंतीवरच्या तक्त्याची सगळी अक्षरं पाठ करतात. मग आत जाऊन घडाघडा म्हणतात. आज डॉक्टरांनी तक्ता बदलला."

"मग?"

"मग काय, आजींनी जुनाच म्हटला. तोही अगदी झोकात."

खारूने खुर्ची वळवली आणि कीबोर्डशेजारचा मातीचा एक गोळा हातात घेतला. "आजी कशा आहेत? उंच? बुटक्या?"

"बुटक्या. आणि अंबाडा एवढा," आईने दोन्ही हातांनी दाखवलं आणि पर्स अजून खांद्यालाच असताना स्टूल ओढून ती लेकीशेजारी बसली.